नात्याचा रकाना

पुण्यातल्या आमच्या सायकल गटाचा नोंदणी अर्ज दर वर्षी जानेवारीत नव्याने भरून घ्यावा लागतो आणि गेली काही वर्षे ते काम माझ्याकडे आहे. नाव, वय, रक्तगट, काही आजार असल्यास त्याची माहिती आणि शेवटी आपत्कालीन संपर्क : नाव, फोन क्रमांक, नाते. हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण पहाटे साडेपाचला अंधारात कात्रजचा जुना घाट चढणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या टेम्पोने उडवले, तर फोन कोणाला करायचा हे त्या एका ओळीवरून ठरते. एका वर्षी आमच्यातल्या एका जुन्या सदस्याने संपर्काचे नाव आणि क्रमांक लिहिला होता, पण नात्याचा रकाना मोकळा सोडला होता. राहून गेले असेल असे समजून मी फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मित्र लिहा, काका." त्या मित्राबरोबर तो अकरा वर्षे एका घरात राहतो आहे, त्या घराचे कर्ज दोघांनी मिळून फेडले आहे आणि त्याच्या आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातल्या रात्री त्याच मित्राने जागून काढल्या आहेत, हे मला त्यानंतर दोन वर्षांनी कळले. ती दोन वर्षे दर रविवारी आम्ही शेजारी शेजारी सायकल चालवत होतो.

हे सांगण्याचे निमित्त म्हणजे अलीकडे गटात झालेली एक चर्चा. शहरातील प्राइड पदयात्रेच्या, म्हणजे समलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींच्या हक्कांसाठी निघणाऱ्या पदयात्रेच्या, आदल्या रविवारी गटाने पाठिंब्याची एक छोटी फेरी काढावी, असे दोन तरुण सदस्यांनी सुचवले. तावातावाने विरोध कोणी केला नाही. बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली : आपण सायकल चालवायला जमतो, इथे सगळ्यांना सारखेच वागवले जाते, मग सायकलमध्ये हा विषय कशाला? बोलणारी माणसे भली आहेत. घाटात कोणाची चेन तुटली तर स्वतःची फेरी सोडून थांबणारी आहेत. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे असे मला वाटते. माझे उत्तर असे की हा विषय सायकलमध्ये कोणी बाहेरून आणत नाही. तो आमच्या अर्जात, टपरीवरच्या गप्पांत आणि स्पीकरवर लागणाऱ्या गाण्यांत आधीपासून आहे, आणि त्याविषयी न बोलण्याची किंमत आमच्यातलेच काही जण मुकाट्याने मोजत आहेत.

आधी अर्जाविषयी. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेज सिंग जोहर खटल्यात निकाल देऊन, १८६० पासून चालत आलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कचाट्यातून प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध सोडवले. त्या दिवशी माझ्यासारख्या अनेकांचा समज झाला की प्रश्न मिटला. पण गुन्हेगार न ठरणे वेगळे आणि नातेवाईक ठरणे वेगळे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला आणि तो निर्णय विधिमंडळाच्या अखत्यारीतला असल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने एवढे स्पष्ट केले की या समुदायातील व्यक्तींना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. म्हणजे आमच्या त्या सदस्याच्या जोडीदाराचे नाव त्याच्या बँकेच्या पासबुकावर येऊ शकते, परंतु अपघातानंतर दवाखान्याच्या खिडकीतून "तुम्ही पेशंटचे कोण?" असा प्रश्न आला, तर कायद्याने त्याच्या हाती एकही शब्द दिलेला नाही. संमतीपत्रावर सही करायला गावाकडून एखादा चुलतभाऊ येईपर्यंत त्याला बाकावर बसून राहावे लागू शकते, मग त्या चुलतभावाशी वर्षानुवर्षे बोलणे नसले तरी. मी फोनवर विचारलेला प्रश्न आणि खिडकीतून येणारा प्रश्न एकच आहे, हे लक्षात यायला मला उशीर लागला.

याला रात्रीच्या रस्त्याची एक बाजू आहे आणि तिच्याकडे सायकलस्वारांनी तरी दुर्लक्ष करू नये. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ शी मिळतेजुळते एकही कलम नाही. जुने कलम अन्यायाचे होते हे खरेच, पण पुरुषावर किंवा पारलिंगी व्यक्तीवर बळजबरी झाली तर तक्रार नोंदवण्यासाठी न्यायालयाने त्याचा तेवढाच भाग शिल्लक ठेवला होता, आणि नव्या संहितेत तोही उरला नाही. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची आहे. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीत रात्री दोन वाजता महामार्गावर एकट्याने पॅडल मारणे नित्याचे असते. आमच्या गटातल्या मुलींच्या सोबतीचा विचार आम्ही पूर्वीपासून करतो आणि तो योग्यच आहे. परंतु सोबतीची गरज आणखी कोणाला असू शकते, हे आम्ही कधी विचारलेले नाही.

आता "सगळ्यांना सारखेच वागवतो" या वाक्याविषयी. हे वाक्य आम्हा सायकलवाल्यांना चांगले परिचयाचे आहे, कारण ते आम्हालाच वर्षानुवर्षे ऐकवले गेले आहे. पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूरही केला. त्यानंतरही ज्या रस्त्यांवर सायकलमार्ग आखलेला आहे तिथे पाहिले, तर त्यावर दुचाकी उभ्या असतात, कुठे फ्लेक्सचे खांब, कुठे खोदाईचा राडारोडा. एका सरकारी कार्यालयातील बैठकीत आम्ही स्वतंत्र मार्गाची मागणी पुन्हा मांडली, तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे सांगितले की रस्ता सगळ्यांसाठीच आहे, सायकलला कोणी मनाई केलेली नाही. आम्ही सगळे चिडलो. मनाई नाही म्हणजे जागा आहे असा अर्थ होत नाही, दोन टनांच्या मोटारीला आणि बारा किलोच्या सायकलला एकाच डांबरावर सोडून दोघांना समान म्हणणे ही समानता नव्हे, असे त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येक जण पोटतिडकीने बोलला. तेच आम्ही, गटात 'छक्का' हा शब्द विनोद म्हणून उच्चारला जातो तेव्हा गप्प बसतो आणि वर सांगतो की इथे कोणालाही मनाई नाही. मला ही विसंगती टोचते. ज्याला दरवाजा उघडा आहे की नाही याची खात्री नाही, त्याला तो उघडा आहे हे तोंडाने सांगावे लागते.

सायकल ही निव्वळ व्यायामाची वस्तू कधीच नव्हती. १९९२ या एका वर्षातल्याच दोन घटना पाहा. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई या कोरड्या, गरीब जिल्ह्यात 'अरिवोळी' ही साक्षरता मोहीम चालू होती. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने तिच्यात सायकल शिकण्याचा समावेश झाला, आणि शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका, परिचारिका अशा हजारो बायका सायकल शिकल्या. त्या वर्षीच्या महिला दिनी दीड हजारांहून अधिक जणी हँडलला झेंडे बांधून, घंटा वाजवत पुदुक्कोट्टईच्या रस्त्यांवरून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी याचे जे वर्णन केले आहे त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. लेडीज सायकली पुरेशा मिळेनात म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या आणि पुढे कित्येक जणींना त्याच बऱ्या वाटू लागल्या, कारण मधल्या आडव्या दांडीवर मूल बसवता येते. आपण लहानपणी त्याच दांडीखालून पाय घालून सायकल शिकलो. ती दांडी पुरुषाची आणि तिरकी दांडी बाईची, हे आपण निसर्गनियमासारखे मानले, पण तो फरक मुळात पेहरावाच्या सोयीसाठी कारखान्यात केलेला होता. ज्यांना गरज होती त्यांनी तो एका हंगामात मोडून काढला. सुरुवातीला पुरुषांनी घाणेरडे शेरे मारले, तेही त्या वर्णनात आहे. "सायकल चालवा, पण त्याचा बाईच्या हक्काशी काय संबंध?" असे तिथेही कोणी ना कोणी नक्की म्हणाले असेल.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काही सायकलस्वार शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमून घरी गेले. पुढे हाच प्रकार 'क्रिटिकल मास' या नावाने महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जगभरातील शहरांत होऊ लागला. ना नेता, ना सदस्यत्व, ना ठरलेला मार्ग. आम्ही वाहतूक अडवत नाही, आम्हीच वाहतूक आहोत, असे ते म्हणत. त्याच शहरातून १९९४ मध्ये एड्सग्रस्तांसाठी लॉस एंजेलिसपर्यंतची सायकलफेरी निघाली. त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत समलिंगी पुरुषांची एक पिढीच्या पिढी या आजाराने संपत होती. २००२ पासून 'एड्स लाइफसायकल' या नावाने ही फेरी निघत राहिली. सात दिवस, ५४५ मैल, म्हणजे पावणेनऊशे किलोमीटरहून थोडे अधिक. जून २०२५ मध्ये ती शेवटची झाली, तोवर तिने ३० कोटी डॉलरहून अधिक निधी उभा केला होता. मला त्या रकमेपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. एचआयव्ही बाधित लोक स्वतः त्या फेरीत सायकल चालवत, आणि ज्यांच्या शेजारी बसायलाही लोक कचरत होते त्यांच्यामागोमाग हजारो जण घाट चढत. 'सायकलमध्ये हा विषय कशाला' या प्रश्नाला इतके सविस्तर उत्तर मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

आपल्याकडेही ही चळवळ पायांनीच सुरू झाली. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधराएक जण पिवळे टी-शर्ट घालून चालले. ती देशातली पहिली प्राइड पदयात्रा. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या 'समपथिक ट्रस्ट'च्या पुढाकाराने डिसेंबर २०११ मध्ये पहिली पदयात्रा निघाली, तेव्हा कलम ३७७ चा खटला सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होता आणि दोनच वर्षांनी निकाल विरोधात गेला. म्हणजे कायद्याचा भरवसा नसताना ही माणसे भर दिवसा रस्त्यावर उतरली होती. पदयात्रा मात्र वर्षातून एकदा निघते. आम्ही वर्षाचे बावन्न रविवार रस्त्यावर असतो.

पुदुक्कोट्टईच्या त्या मोहिमेला स्वतःचे गाणे होते. मोहिमेतल्या एका कार्यकर्त्याने ते रचले, बहिणीला सायकल शिकायला बोलावणारे, आणि ते त्या बायकांचे घोषगीत झाले. गाणे सोबत असले की शेरे ऐकू येत नाहीत, हा अनुभव दिंडीत चाललेल्या कोणालाही पटेल. आमच्या गटातही गाणी आहेतच. सिंहगडाच्या पायथ्याशी कांदाभजी येईपर्यंत कोणीतरी स्पीकर लावतो, आणि दर शुक्रवारी प्रसिद्ध झालेली नवी गाणी रविवारपर्यंत आमच्यात पोहोचलेली असतात. मी ती लक्ष देऊन ऐकतो. ताल नवा असतो, भाषा मोकळी असते, पण प्रेम म्हटले की तो आणि ती, याबाहेर मराठी गाणे क्वचितच जाते.

याला आपल्या भाषेची घडणही कारण आहे. इंग्रजी गाण्यातला 'मी' आणि 'तू' कोण हे ऐकणाऱ्यावर सोडता येते. मराठीत "मी आलो" की "मी आले", "वेडा झालो" की "वेडी झाले", हे क्रियापदच सांगून टाकते, त्यामुळे एखाद्या मुलाने मुलावरचे प्रेम मराठीत गायचे तर लपायला जागा नाही, पहिल्याच ओळीत कबुली द्यावी लागते. पण याच भाषेत ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या, विरहिणीच्या तोंडून, स्त्रीलिंगी क्रियापदांत. मिशा असलेले वारकरी गौळणी गातात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. वारीत पुरुषही एकमेकांना 'माउली' म्हणून हाक मारतात. नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व म्हणून रंगमंचावर आले की त्यांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत. देवासाठी, नाटकासाठी लिंग ओलांडण्याची मुभा या भाषेने मोठ्या मनाने दिली आहे. तीच मुभा कोणी स्वतःच्या आयुष्यासाठी मागितली की मात्र आपला घसा बसतो.

२०१६ मध्ये मुंबईत सहा पारलिंगी गायिकांचा 'सिक्स पॅक बँड' उभा राहिला. एका चहाच्या ब्रँडचे पाठबळ त्याला होते आणि त्याच वर्षी कान येथील जाहिरातींच्या महोत्सवात त्या मोहिमेला मोठे पारितोषिक मिळाले. गायिकांमध्ये जगताप होत्या, पाटील होत्या. पहिले गाणे मात्र हिंदीत होते. मला याचे वाईट वाटते. जगताप आणि पाटलांना स्वतःचे म्हणणे गाण्यासाठी मायमराठी अपुरी पडावी, यात दोष भाषेचा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. आज स्वतःच्या घरात बसून गाणी ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणारी तरुण मुले या समुदायात आहेत, आणि त्यांना हवी असलेली गोष्ट फार साधी आहे : कोणीतरी ती गाणी चारचौघांत लावावीत. टपरीवरच्या पंधरा जणांनी रविवारी सकाळी असे एखादे गाणे पूर्ण ऐकणे ही किरकोळ बाब नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, तो स्पर्धेतील न्याय्यतेचा. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने जुलै २०२३ मध्ये असा नियम केला की पुरुषी वयात आल्यानंतर लिंगबदल केलेल्या पारलिंगी स्त्रियांना महिलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भाग घेता येणार नाही. उच्च पातळीवरच्या शर्यतींतला हा प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि स्वतःचे तारुण्य सरावात घालवणाऱ्या महिला खेळाडूंची काळजी मी झटकून टाकणार नाही. पण आमच्या गटाचा त्या प्रश्नाशी संबंध काय? आम्ही ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेले लांबचे अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पार करतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. वेळेत पोहोचलात की झाले. पहिला आणि शेवटचा असा क्रमच लावला जात नाही, वाटेतल्या चौक्यांवर कार्डावर शिक्के मारून घ्यायचे आणि पुढे निघायचे. ज्या खेळात कोणी कोणाला हरवत नाही, त्यात कोणाच्या शरीराचा कोणाला गैरफायदा कसा होणार? ऑलिंपिकच्या प्रश्नाची ढाल पुढे करून रविवारच्या फेरीतून अंग काढून घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

त्या चर्चेत गटाकडून मी जे मागितले ते फार नव्हते. टी-शर्टच्या मागणीत पुरुष-महिला असे दोन साचे न ठेवता छातीचे माप विचारावे. मुक्कामाच्या फेरीत खोल्या वाटताना कोणाला कोणाबरोबर राहणे सोयीचे आहे, हे एकेकाला खासगीत विचारावे. विनोदाने मर्यादा ओलांडली तर जो सर्वांत ज्येष्ठ हजर असेल त्याने तिथल्या तिथे थांबवावे, आणि बहुतेक वेळा तो मीच असतो, म्हणून ही जबाबदारी आधी माझी. पाठिंब्याची फेरीही काढावी, गटाच्या नावाने आणि गटाच्या टी-शर्टात, कारण व्यक्ती म्हणून पाठिंबा देणारे पुष्कळ असतात आणि एकटी व्यक्ती सहज बाजूला काढता येते.

ती फेरी निघाली. साठपैकी सतरा जण आले. ज्याच्याविषयी मी हे लिहितो आहे तो आला नाही, आणि मी त्याला विचारलेही नाही. पुढच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे कात्रजला हजर होता, पुढच्या चाकात हवा कमी होती, ती भरून आम्ही निघालो.

या जानेवारीत अर्ज पाठवताना मी 'नाते' हा रकाना काढून टाकला आहे. त्याऐवजी लिहिले आहे : 'अपघात झाल्यास सर्वांत आधी कोणाला बोलवायचे?' आणि त्याखाली, 'ही व्यक्ती तुमची कोण, हे सांगावेसे वाटल्यास तुमच्या शब्दांत लिहा.' दोन सदस्यांनी विचारले की हा बदल कशासाठी, आणि मी त्यांना हा लेख वाचायला देणार आहे. आतापर्यंत एकेचाळीस अर्ज आले आहेत. त्याचा अजून यायचा आहे. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.